हायड्रोजननिर्मितीतील उत्प्रेरक-आधारद्रव्ये

उत्प्रेरक (विक्रियेचा वेग वाढवून अखेरीस स्वतः कायम राहणारा पदार्थ) ज्या घन, बहुधा सच्छिद्र, पदार्थावर सूक्ष्म कणरूपात पसरविलेला असतो, त्यास आधारद्रव्य म्हणतात. विक्रिया उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावर घडत असल्याने तो जितका विखुरलेला, तितकी थोड्या धातूत अधिक विक्रिया होते. आधारद्रव्य ही केवळ निष्क्रिय बैठक होय, अशी समजूत दीर्घकाळ होती. हायड्रोजननिर्मितीच्या इतिहासावरून मात्र उत्प्रेरकाचे आयुष्य व मूल्य पुष्कळदा आधारद्रव्यावरच अवलंबून असते, असे दिसून येते.

नैसर्गिक वायूतील मिथेनाची वाफेबरोबर विक्रिया करून हायड्रोजन मिळविण्यास निकेल उपयुक्त ठरते. जर्मनीतील बी. ए. एस. एफ. कंपनीच्या आल्विन मिटाश व श्नायडर यांच्या १९१५ च्या अमेरिकन एकस्वात (पेटंटात) उच्चतापसह आधारद्रव्यावरील निकेलाचा अंतर्भाव आहे. अमेरिकेतील बॅटन रूझ येथे १९३० च्या सुमारास या विक्रियेचा औद्योगिक उपयोग सुरू झाला. तथापि सु. ८००° से. तापमानात व वाफेच्या सान्निध्यात निकेलाचे कण एकत्र येऊन मोठे होतात, सामान्य सच्छिद्र ॲल्युमिनाचे पृष्ठफळ घटते आणि सिलिका वाफेबरोबर वाहून जाऊन पुढील उपकरणांत साचते. म्हणून आल्फा ॲल्युमिना व मॅग्नेशियम ॲल्युमिनेट यांसारखी स्थिर आधारद्रव्ये रूढ झाली. नॅप्थापासून हायड्रोजन मिळविताना निकेलावर कार्बन साचतो. तो रोखण्यासाठी ब्रिटनमधील इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीने उत्प्रेरकात पोटॅश मिसळले. तिचे हेशम येथील नॅप्थावरील संयंत्र १९६२ मध्ये सुरू झाले.

अमेरिकेतील टॉस्टर व त्यांचे सहकारी यांना १९७८ मध्ये असे आढळले की, टिटॅनियम डाय-ऑक्साइडावरील प्लॅटिनम गटातील धातू हायड्रोजनात सु. ५००° से.पर्यंत तापविल्यास त्यांची वायू अधिशोषित करण्याची (पृष्ठभागावर धरून ठेवण्याची) क्षमता जवळजवळ नाहीशी होते. आधारद्रव्य धातूच्या गुणधर्मांतही बदल घडविते, हे यावरून स्पष्ट झाले.

मिथेनापासून १ टन हायड्रोजन मिळविताना सु. ९ ते १० टन कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडतो. त्यामुळे सौर वा पवन विजेने पाण्याचे विद्युत् विच्छेदन करण्याकडे लक्ष वळले. अम्लीय बहुवारिक पटल वापरणाऱ्या विद्युत् विच्छेदकात ऋणाग्रावर कार्बनाधारित प्लॅटिनम चालते. धनाग्रावर मात्र कार्बनाचे ऑक्सिडीभवन होऊन आधारच नाहीसा होतो. क्लोरीननिर्मितीत ग्रॅफाइटाच्या झिजणाऱ्या धनाग्रांऐवजी हेन्री बीअर यांनी १९६५ च्या सुमारास रुथेनियम ऑक्साइडाचा लेप दिलेले टिटॅनियम सुचविले होते. पाण्याच्या विच्छेदनातही धनाग्राकडे टिटॅनियम वापरतात. उत्प्रेरक म्हणून इरिडियम ऑक्साइड लागते. जगात इरिडियमाचे वार्षिक उत्पादन अवघे काही टन असल्याने ते पातळ थरात पसरविणे अगत्याचे आहे. त्यासाठी अँटिमनीयुक्त टिन ऑक्साइडासारखी विद्युत् संवाहक आधारद्रव्ये अभ्यासली गेली. परंतु त्यांतील अँटिमनी हळूहळू विरघळते. संवाहकता, मोठे पृष्ठफळ व अम्लातील टिकाऊपणा हे तिन्ही गुण एकत्र असलेल्या आधारद्रव्यावर या पद्धतीचा विस्तार बऱ्याच अंशी अवलंबून आहे.