ॲना स्यूएल आणि ‘ब्लॅक ब्यूटी’



‘ब्लॅक ब्यूटी’ ही घोड्याची आत्मकथा आपण मुलांचे पुस्तक म्हणून ओळखतो. लेखिका ॲना स्यूएल यांनी मात्र ती मुलांसाठी लिहिली नव्हती. घोडे सांभाळणारे मोतद्दार आणि गाडीवान त्यांच्या डोळ्यांसमोर होते.

त्यांचा जन्म ३० मार्च १८२० रोजी इंग्लंडमधील ग्रेट यार्मथ येथे एका क्वेकर कुटुंबात झाला. आई मेरी स्वतः कवने लिहीत. चौदाव्या वर्षी शाळेतून परतताना ॲना पडल्या आणि घोटे दुखावले. युरोपातील औषधी झऱ्यांपर्यंत उपचार झाले, पण नीट चालणे पुन्हा जमले नाही. घोडागाडी हेच त्यांचे पाय झाले. ज्याच्या बळावर आपण हिंडतो, त्याला काय सोसावे लागते हे त्यांनी जवळून पाहिले.

जनावरांच्या छळाविरुद्ध ब्रिटिश संसदेने १८२२ मध्येच कायदा केला होता. १८२४ मध्ये लंडनला प्राणिदया संस्थाही स्थापन झाली. तरीही बग्गीच्या घोड्याची मान ऐटीत वर दिसावी म्हणून तिला आखूड लगामाने ताणून ठेवीत. चढावर मान खाली घालून जोर लावता येत नसे, श्वासही कोंडे. लोकांच्या लेखी हा छळ नव्हता, फॅशन होती. तिथे कायदा काय करणार?

म्हणून ॲना यांनी घोड्यालाच बोलते केले. १८७१ ते १८७७ या काळात, बहुतेक आजारपणात, त्या आईला मजकूर सांगत किंवा चिठोऱ्यांवर लिहीत. आई त्याची स्वच्छ प्रत करी.

त्यातील एक प्रसंग मला डॉक्टर म्हणून विसरता येत नाही. मालकीणबाई अत्यवस्थ होतात. घोडा रात्री दौडत जाऊन डॉक्टरांना घेऊन येतो. घामाने निथळणाऱ्या त्या घोड्याला जो नावाचा पोर थंडगार पाणी पाजतो आणि अंगावर घोंगडी घालत नाही. त्याला वाटते, आपण भलेच केले. घोडा मरता मरता वाचतो. पोराचा बाप म्हणतो, त्याला ठाऊक नव्हते. जुना मोतद्दार ही सबब मानत नाही. आम्हा जैनांकडे ‘प्रमाद’ असा शब्द आहे. बेसावधपणे घडलेली हिंसाही हिंसाच. दवाखान्यात चाळीस वर्षे मीही हेच पाहिले आहे. मायेने केलेले चुकीचे उपचारही रोग्याला बाधतात.

पुस्तक नोव्हेंबर १८७७ मध्ये निघाले. पाच महिन्यांनी, २५ एप्रिल १८७८ रोजी, ॲना वारल्या. पुढे १८९० मध्ये अमेरिकेतील प्राणिदया चळवळीने ते गाडीवानांपर्यंत पोचवले. मुलांनी ते आपले केले, तीच मुले मोठी झाली, आणि तो लगाम हळूहळू मागे पडला.

सांगतात की अंत्ययात्रेच्या घोड्यांना तोच लगाम होता. वृद्ध आईने तो आधी काढायला लावला.