माथेउस श्वार्त्स याची पोशाखांची पोथी

जुन्या काळच्या वेशभूषेचा शोध घेणाऱ्यास पहिली अडचण पडते ती अशी कीं, ज्या वस्तूचा शोध घ्यावयाचा तीच बहुधा उरलेली नसते. लोंकर कसर खाते, रेशीम जीर्ण होऊन फाटतें, आणि जरीचें वस्त्र सोन्यारुप्याच्या मोलासाठीं मुशींत जातें. मग चित्रांवर भिस्त ठेवावी लागते. परंतु एखादें चित्र कोणीं, केव्हां, कोणासाठीं व काय पाहून काढिलें हें ठरल्याशिवाय त्यावरून अनुमान करणें धोक्याचें असतें. हा विवेक कसा करावा, हें दाखविण्यास जर्मनींतील आउग्सबुर्ग शहरांत सोळाव्या शतकांत तयार झालेल्या एका सचित्र पोथीसारखें दुसरें उदाहरण क्वचितच सांपडेल.

या पोथीचा कर्ता माथेउस श्वार्त्स हा इ. स. १४९७ मध्यें आउग्सबुर्ग येथें जन्मला. त्या नगरींतील फुगर घराण्याच्या विख्यात पेढीचा तो मुख्य हिशेबनीस होता. प्रथम याकोब फुगर व नंतर आन्टोन फुगर यांच्या पदरीं त्यानें चाकरी केली. तरुणपणीं मिलान, जेनोवा व व्हेनिस या इटलींतील शहरीं जाऊन तो दुहेरी नोंदीची जमाखर्चपद्धति शिकला, आणि १५१८ मध्यें त्या विषयावर त्यानें एक हस्तलिखित ग्रंथही रचिला. १५२० मध्यें, वयाच्या तेविसाव्या वर्षीं, त्यानें आपण अंगावर घातलेल्या पोशाखांचीं चित्रें काढवून ठेवण्यास आरंभ केला. चर्मपत्रावरील या पोथींत एकंदर १३७ चित्रें आहेत. नार्त्सिस रेनर या चित्रकारानें १५३६ पर्यंत काम केलें. त्यापुढील चित्रें इतरांच्या हातचीं आहेत. मूळ पोथी ब्राउनश्वाइग येथील संग्रहालयांत असून पॅरिस व हानोवर येथें तिच्या नकला आहेत.

हा उद्योग कां आरंभिला, याचें कारण श्वार्त्सनें स्वतःच सांगितलें आहे. वृद्ध माणसांजवळ बसून त्यांच्या तरुणपणींच्या पोशाखांच्या गोष्टी ऐकण्याची त्यास आवड होती; तीं माणसें आपलीं जुनीं चित्रें त्यास दाखवीत, आणि तीं पाहून आपलाही वेश पुढें कसकसा पालटतो हें नोंदून ठेवावें असें त्याच्या मनांत आलें. हिशेबनिसाची शिस्त या कामींही दिसून येते. चित्रासोबत तो तारीख व आपलें वय लिहितो, आणि पुष्कळ ठिकाणीं कापडाची जात व प्रसंगही देतो. त्या काळीं वरचें कापड चिरून आंतील कापड दिसूं देण्याची चाल होती. १५२३ सालच्या एका डगल्यास ४८०० चिरा होत्या, हेंही त्यानें मोजून लिहिलें आहे.

तथापि सर्व १३७ चित्रांचें प्रामाण्य सारखें नाहीं. आपल्या तर्कशास्त्रांत ज्ञानाचे अनुभव व स्मृति असे दोन भेद करितात, आणि प्रमाणांचें फल म्हणून अनुभवासच मान देतात. तोच भेद येथें लावावा लागतो. १५२० पूर्वींच्या काळाचीं, म्हणजे बालपणाचीं व शिक्षणकाळाचीं चित्रें मागाहून आठवणीवरून काढविलेलीं आहेत. त्यानंतरचीं चित्रें मात्र त्या त्या वेळचीं आहेत. एकाच पोथींत दोन दर्जांचीं साधनें एकत्र आलीं आहेत. म्हणून तिचा दाखला देतांना सन पाहिल्याखेरीज पुढें जाऊं नये.

उत्तरकालीन चित्रांवर विश्वास ठेवण्यास बाहेरचा आधारही आहे. १५२६ मध्यें हान्स मालर यानें व १५४२ मध्यें क्रिस्टोफ आम्बर्गर यानें श्वार्त्सचीं चित्रें काढिलीं. पहिलें पॅरिसच्या लूव्र संग्रहालयांत व दुसरें माद्रिद येथें आहे. त्यांच्याशीं पोथी ताडून पाहतां येते. शिवाय १५२६ मध्यें श्वार्त्सनें आपलीं दोन विवस्त्र चित्रें, एक समोरून व एक पाठीमागून, काढविलीं आणि आपण स्थूल झाल्याचें लिहून ठेविलें. केवळ मिरविण्यासाठीं पोथी करणारा मनुष्य असें करीत नाहीं.

पण मिरविण्याची हौस त्यास नव्हती असेंही नाहीं. १५३० मध्यें आउग्सबुर्ग येथें बादशाही सभा भरली, तेव्हां आर्चड्यूक फर्डिनांड याची मर्जी संपादावी म्हणून त्यानें तांबडा व पिवळा असा मुद्दाम पोशाख करविला. त्याच सभेंत कोणत्या दर्जाच्या माणसानें कोणतें कापड व कोणती केसाळ कातडी वापरावी, याविषयीं नियम झाले. त्या काळीं वस्त्र हें माणसाच्या पायरीचें चिन्ह होतें. १५४१ मध्यें बादशहा पांचवा चार्ल्स यानें श्वार्त्सला सरदारकी दिली, हें लक्षांत घेतलें म्हणजे या खटाटोपाचा अर्थ उलगडतो. कोणता पोशाख चितारावा हें तोच ठरवी, म्हणून हें साऱ्या नगराचें दर्पण समजूं नये. शेवटचें चित्र १५६० चें आहे. त्यांत ६३ वर्षांचा श्वार्त्स आन्टोन फुगरच्या मृत्यूनिमित्त सुतकाच्या वेषांत उभा आहे.

आतां तुलनेसाठीं दोन छापील साधनें घेऊं. १५९० मध्यें चेझारे वेचेल्यो यानें व्हेनिस येथें देशोदेशींच्या पोशाखांचा मोठा ग्रंथ काढिला. त्यांत माणसें नाहींत, नमुने आहेत: अमक्या नगरीची विवाहिता, तमक्या देशचा व्यापारी. दूरदेशींच्या वेशासाठीं तो परक्या माहितीवर विसंबून होता. दुसरें उदाहरण आपल्या किनाऱ्याशीं निगडित आहे. १५०५ मध्यें आल्मेइदाबरोबर हिंदुस्थानास जें पोर्तुगीज आरमार आलें, व ज्यानें कारवारजवळील अंजदीव बेटावर किल्ला बांधिला, त्यांत फुगर, वेल्झर आदि जर्मन व्यापाऱ्यांचें भांडवल होतें. त्या सफरींतील बाल्तासार श्प्रिंगर याच्या वृत्तान्ताच्या आधारें आउग्सबुर्गचा हान्स बुर्कमायर यानें १५०८ मध्यें आफ्रिका व हिंदुस्थान येथील लोकांचीं व कोचीनच्या राजाचीं काष्ठचित्रें कोरविलीं. बुर्कमायर स्वतः हिंदुस्थानांत कधींच आला नव्हता. त्याच्या चित्रांवरून कोचीनच्या वस्त्रांचा निर्णय करूं नये. आउग्सबुर्गच्या लोकांना हिंदुस्थान कसा वाटत होता, एवढेंच त्यांवरून सिद्ध होतें.

यावरून संग्राहकांनीं घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. श्वार्त्सच्या चित्रांचें मोल रेनरच्या कुंचल्याइतकेंच शेजारच्या दोन ओळींत आहे. ओळी गेल्या तर उरेल तो एक अनामिक नटवा पुरुष. आपल्याकडेही सचित्र पोथ्यांचीं पानें सुटीं करून विकलीं जातात, चौकटींत बसविण्यासाठीं समासांतील मजकूर कापला जातो, आणि मोडींतील कापडखरेदीच्या याद्या चित्र नाहीं म्हणून रद्दींत जातात. वास्तविक चित्र व यादी हीं परस्परांचीं साक्षीदार आहेत. ज्याच्या हातीं असें बाड येईल त्यानें पान सोडवूं नये, समास कापूं नये, आणि जमाखर्चाचा कागद निरुपयोगी मानूं नये. आउग्सबुर्गच्या एका हिशेबनिसानें आपल्या डगल्याच्या चिरा मोजून ठेविल्या, म्हणूनच आज पांचशें वर्षांनीं त्याच्या वेशाविषयीं आपण निश्चयानें बोलूं शकतों.