छोट्या व्यवसायासाठी हिशेबनीस नेमताना

गोव्यातील जुन्या पेढ्यांवर दिवाणजी नावाची व्यक्ती असे. मालक गल्ल्यावर आणि दिवाणजी बैठकीवर, समोर कीर्द आणि खतावणी. दिवाळीच्या लक्ष्मीपूजनाला त्याच वह्यांची पूजा होई. आज वह्यांच्या जागी संगणक आला, दिवाणजी ‘अकाउंटंट’ झाला. परंतु मुख्य बदल तेथे झालेला नाही. पूर्वीचा हिशेब मालकासाठी लिहिला जाई. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यापासून तो सरकारी संकेतस्थळासाठीही, ठरलेल्या तारखेच्या आत, लिहावा लागतो. म्हापशाच्या बाजारातील दुकानदार असो वा काणकोणचा अतिथिगृहचालक, त्याला हिशेबनिसाची गरज भासते ती प्रामुख्याने या तारखांमुळे.

कोण काय करू शकतो

सामान्य बोलीत ‘आमचा सीए’ हा शब्द सरसकट वापरला जातो. प्रत्यक्षात तीन वेगळ्या व्यक्ती असतात. हिशेबनीस रोजच्या नोंदी करतो, बिले लावतो, बँकेच्या उताऱ्याशी हिशेब जुळवतो. या कामासाठी कायद्याने कोणताही परवाना वा नोंदणी आवश्यक नाही. म्हणून पारखण्याची जबाबदारी पूर्णतः मालकाची. दुसरा जीएसटी प्रॅक्टिशनर. त्याची नोंदणी जीएसटी कायद्याच्या कलम ४८ नुसार झालेली असते आणि ती संकेतस्थळावर पडताळता येते. तिसरा सनदी लेखापाल, ज्याची सदस्यता १९४९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या संस्थेकडे असते. आयकराखालील लेखापरीक्षण केवळ तोच करू शकतो. व्यवसायाची उलाढाल वर्षाला १ कोटी रुपयांवर गेली की हे लेखापरीक्षण लागते. रोखीचे व्यवहार जमा आणि खर्च या दोन्ही बाजूंनी ५ टक्क्यांच्या आत असतील तर ही मर्यादा १० कोटींपर्यंत जाते.

बहुतेक लहान व्यवसायांना रोजच्या कामासाठी हिशेबनीस आणि वर्षातून काही वेळा सल्ल्यासाठी लेखापाल, एवढे पुरते. दोघांचे काम एकाच माणसावर टाकण्यात बचत दिसते खरी. पण ज्याने नोंदी केल्या त्यानेच त्या तपासायच्या, ही व्यवस्था चूक पकडण्यासाठी निरुपयोगी असते.

आधी आपले कर ठाऊक हवेत

हिशेबनिसाला काय विचारायचे, हे आपल्या व्यवसायावर ठरते. गोव्यात केवळ वस्तूंची विक्री करणाऱ्यास ४० लाख रुपयांच्या वार्षिक उलाढालीपर्यंत, तर सेवा देणाऱ्यास २० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. मात्र ही उलाढाल एका दुकानाची नव्हे, एका पॅन क्रमांकाखालील साऱ्या व्यवसायांची, देशभरातील आणि करमुक्त विक्रीसह मोजली जाते. शिवाय करपात्र माल सावंतवाडीला किंवा बेळगावला, म्हणजे राज्याबाहेर पाठवून विकणाऱ्यास मर्यादेचा लाभ मिळत नाही. काजूचा छोटा व्यापारीही पहिल्या खेपेपासून नोंदणीस पात्र ठरतो.

वर्षाला दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्याला संमिश्र योजनेखाली १ टक्का आणि उपाहारगृहाला ५ टक्के दराने कर भरून मोकळे होता येते. येथे गोव्यातील एक नेहमीची चूक नोंदवली पाहिजे. मद्य जीएसटीच्या बाहेर आहे. त्यामुळे ‘बार अँड रेस्टॉरंट’ अशी पाटी असलेल्या व्यवसायाला ही योजना घेता येत नाही आणि त्याला जेवणासाठी जीएसटी व मद्यासाठी गोवा मूल्यवर्धित कर कायदा, २००५ अशा दोन कायद्यांचे हिशेब वेगळे ठेवावे लागतात. एकाच बिलावर तळलेला मासा आणि फेणी लिहिणाऱ्या चालकाने हिशेबनिसाला विचारायचा पहिला प्रश्न हाच असावा. उत्तरासाठी त्याला फार विचार करावा लागला, तर तो चांगला माणूस असेलही, पण त्या व्यवसायासाठी योग्य नाही.

नेहमीच्या योजनेत दर महिन्याच्या ११ तारखेपर्यंत विक्रीचे (जीएसटीआर-१) आणि २० तारखेपर्यंत कराचे (जीएसटीआर-३बी) विवरणपत्र द्यावे लागते. ५ कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांना तिमाही पर्याय आहे. त्यात तिमाहीनंतरच्या १३ आणि, गोव्यासाठी, २२ या तारखा पाळायच्या. तिमाही विवरणपत्र म्हणजे तिमाही भरणा नव्हे. पहिल्या दोन महिन्यांचा कर पुढील महिन्याच्या २५ तारखेपर्यंत चलनाने भरावाच लागतो. ही गोष्ट अनेक हिशेबनीस सांगत नाहीत; कारण अनेक मालक विचारत नाहीत.

एका बुकिंगचा हिशेब

अतिथिगृहांचे उदाहरण विस्ताराने घेण्यासारखे आहे, कारण हिशेबनिसाची खरी पारख येथे होते. सप्टेंबर २०२५ मधील दरबदलानंतर दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के कर आहे. पण खरेदीवरील कराची वजावट, म्हणजे इनपुट टॅक्स क्रेडिट, घेता येत नाही. समजा, जीएसटी नोंदणी असलेल्या अतिथिगृहाची ५,००० रुपयांची खोली ऑनलाइन संस्थेमार्फत गेली. पाहुण्याने करासह ५,२५० रुपये दिले. संस्थेने १५ टक्के कमिशन ठेवले असे धरल्यास ७५० रुपये, त्या कमिशनवरील १८ टक्के कर १३५ रुपये आणि संस्थेने जीएसटीपोटी कापून घ्यावयाचा ०.५ टक्का म्हणजे २५ रुपये. आयकरापोटीची ०.१ टक्का कपात बाजूला ठेवली तरी बँकेत येतात ४,३४० रुपये.

कच्चा हिशेबनीस बँकेचा उतारा पाहून ४,३४० रुपये विक्री लिहितो. विक्री ५,००० रुपयांची आहे आणि कर २५० रुपये देय आहे. कमिशन हा खर्च. त्यावरील १३५ रुपयांची वजावट मिळत नसल्याने तोही खर्च. २५ रुपये मात्र आपलेच; संकेतस्थळावर ती रक्कम स्वीकारली की रोख खात्यात जमा होते. न स्वीकारल्यास तशीच पडून राहते. एका हंगामात अशी शेकडो बुकिंगे होतात. संस्थेने सरकारला कळवलेला आकडा आणि मालकाने दाखवलेला आकडा यांत फरक दिसला की नोटीस येते. त्या वेळी ‘बँकेत एवढेच आले’ हे उत्तर चालत नाही.

म्हणून नेमणुकीपूर्वी उमेदवाराला प्रशस्तिपत्रांपेक्षा असे एक प्रत्यक्ष उदाहरण सोडवायला द्यावे. मागील एखाद्या महिन्याची बिले आणि बँकेचा उतारा समोर ठेवून जुळवणी करायला सांगावी. टॅली येते का, हा प्रश्न दुय्यम आहे. बटणे कोणालाही शिकता येतात. पुरवठादाराने आपले बिल संकेतस्थळावर चढवलेच नाही तर काय करणार, हे विचारावे. जीएसटीआर-२बी हे पत्रक दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होते आणि त्यात न दिसणाऱ्या बिलावरील वजावट घेता येत नाही. जो उमेदवार म्हणतो ‘मी आधी पुरवठादाराला फोन करीन, तोपर्यंत ती रक्कम वेगळी लिहून ठेवीन’, त्याला काम समजलेले आहे. ‘घेऊन टाकू, पुढे बघता येईल’ म्हणणाऱ्याला नम्रपणे निरोप द्यावा. उशिरा दिसलेल्या बिलाची वजावट आर्थिक वर्ष संपल्यानंतर येणाऱ्या ३० नोव्हेंबरपर्यंत घेता येते; वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरले तर त्या दिवसापर्यंतच.

पासवर्ड कोणाकडे

आमच्या नात्यातील एका दुकानदाराची गोष्ट येथे सांगणे भाग आहे. जीएसटी नोंदणी करताना हिशेबनिसाने संकेतस्थळावर स्वतःचाच मोबाइल आणि स्वतःचाच ईमेल दिला होता. ‘काकांना कशाला त्रास’ हा त्यामागचा भाव. काका दर महिन्याला कराची रक्कम रोख त्याच्या हाती देत आणि वहीत लिहून ठेवीत. आठ महिन्यांनी ई-वे बिल निघेना, तेव्हा चौकशी झाली. विवरणपत्रे भरलीच गेली नव्हती. नोटिसा हिशेबनिसाच्या मोबाइलवर येत होत्या आणि नोंदणी रद्द करण्याचा आदेश काकांनी पाहण्यापूर्वीच निघाला होता. पुनर्स्थापनेसाठी अर्ज करण्याची मुदत आदेशापासून ९० दिवसांची. ती संपण्यापूर्वी पाच दिवस राहिले असताना अर्ज गेला. कर पुन्हा भरावा लागला, १८ टक्के व्याजासह. वहीतील नोंदींना कोणीही विचारले नाही.

कायदा या बाबतीत निःसंदिग्ध आहे. प्रॅक्टिशनरमार्फत भरलेल्या विवरणपत्रातील माहितीच्या अचूकतेची जबाबदारी नोंदणीधारकाचीच राहते, असे कलम ४८ मध्येच म्हटले आहे. साध्या हिशेबनिसाच्या बाबतीत तर प्रश्नच उद्भवत नाही. सलग सहा महिने, किंवा तिमाही पर्यायात सलग दोन तिमाह्या, विवरणपत्र न दिल्यास नोंदणी रद्द होऊ शकते.

तेव्हा मोबाइल क्रमांक आणि ईमेल मालकाचाच असावा. कर मालकाच्या बँक खात्यातून थेट चलनाने जावा. हिशेबनिसाच्या हाती करापोटी रोख रक्कम कधीही देऊ नये. प्रॅक्टिशनर नेमला असेल तर संकेतस्थळावर त्याला रीतसर जोडून घेण्याची सोय आहे. तो स्वतःच्या प्रवेशखात्यातून काम करतो आणि आपला पासवर्ड द्यावा लागत नाही. विवरणपत्र भरले गेले की पोचक्रमांक मिळतो. दर महिन्याच्या २१ तारखेला, अथवा तिमाही असेल तर २३ तारखेला, स्वतः प्रवेश करून ‘भरले’ अशी नोंद पाहायला पाच मिनिटे लागतात. संगणक येत नसेल तर घरातील कॉलेजात जाणाऱ्या मुलीला सांगावे. तिला येते.

उशिराचे विलंब शुल्क दिवसाला ५० रुपये, विक्रीच नसेल तर २० रुपये आहे. दीड कोटीपर्यंतच्या व्यवसायासाठी ते प्रत्येक विवरणपत्रामागे २,००० रुपयांपुरते मर्यादित आहे. शुल्क फार नाही. व्याज आणि अडकलेला माल महाग पडतो.

गोव्याची एक वेगळी अट

राज्याबाहेरून आलेल्या वा राज्याबाहेर शिकलेल्या हिशेबनिसाला बहुधा ठाऊक नसलेली एक बाब आहे. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा चालू आहे आणि त्यानुसार विवाहानंतर पतिपत्नीची मालमत्ता सामान्यतः सामाईक होते. १९६१ च्या आयकर कायद्याने कलम ५अ मध्ये याची दखल घेतली आणि २०२५ च्या नव्या कायद्यातही ती तरतूद चालू ठेवण्यात आली. या पद्धतीखालील दांपत्याचे वेतन सोडून इतर उत्पन्न, म्हणजे व्यवसायाचा नफा, घरभाडे, भांडवली लाभ आणि व्याज, दोघांत निम्मे निम्मे वाटले जाते आणि प्रत्येक जण आपल्या वाट्यावर कर भरतो. दुकान नवऱ्याच्या नावावर असले तरी निम्मा नफा बायकोच्या विवरणपत्रात जातो. यात कराचा लाभ होऊ शकतो. पण बायकोचे विवरणपत्र भरलेच नाही तर तिच्या नावे चूक राहते. विवाहपूर्व करार करून मालमत्ता वेगळी ठेवलेल्यांची स्थिती निराळी. हिशेबनिसाने हा प्रश्न आपणहून विचारला, तर त्याला दोन पैसे अधिक द्यायला हरकत नाही.

करार लेखी असावा

ओळखीच्या माणसाकडून कागद लिहून घेणे आपल्याकडे अपमानास्पद वाटते. तरीही एक पान पुरे. कोणती विवरणपत्रे, कोणत्या तारखेपर्यंत आणि त्यासाठी मालकाने बिले किती तारखेला द्यायची, हे त्यात असावे. शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. कारण दोष नेहमी हिशेबनिसाचाच नसतो. १९ तारखेच्या रात्री पिशवीभर बिले आणून देणारे मालकही कमी नाहीत. त्याखेरीज, संगणकातील हिशेब मालकाच्या मालकीचा राहील, दर आठवड्याला त्याची प्रत मालकाकडे येईल आणि काम सोडताना एक महिना आधी कळवून सारे कागद परत केले जातील, एवढे लिहून घ्यावे. मोबदला महिन्याला ठरवावा. विवरणपत्रामागे ठरवल्यास शून्य विक्रीचे विवरणपत्र आणि अडीचशे बिलांचे विवरणपत्र एकाच दरात बसतात आणि घाई होते ती दुसऱ्यात. वाचलेल्या करातील टक्केवारी मागणाऱ्यास मात्र नेमूच नये.

हिशेबाची पुस्तके व बिले त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात आणि ती नोंदणीत दिलेल्या मुख्य व्यवसायस्थळी असावीत, अशी कायद्याची अपेक्षा आहे. अनेक दुकानांचे सहा-सात वर्षांचे कागद हिशेबनिसाच्या घरच्या माळ्यावर असतात. नवा माणूस नेमण्यापूर्वी ते आणि जुन्या संगणकातील प्रत ताब्यात घ्यावी, मग संकेतस्थळाचा पासवर्ड बदलावा.