नीटचा पेपर, जुनं पुस्तक आणि पाच गुण

मालेगावात पुस्तकं घरोघरी फिरतात. मोठ्या बहिणीची भावाकडे, त्याच्याकडून खालाच्या मुलीकडे. यात लाजण्यासारखं काही नाही. पॉवरलूमच्या मजुरीवर चालणाऱ्या घराला दरवर्षी नवा संच परवडत नाही. पण २०२४ च्या नीटमध्ये अशाच जुन्या पुस्तकाने अनेकांचे गुण घालवले. पेपरफुटीच्या गदारोळात ही गोष्ट मागे पडली, म्हणून आम्ही ती आधी सांगतो.

५ मे २०२४ च्या परीक्षेत भौतिकशास्त्रात अणूविषयी दोन विधानांचा प्रश्न होता. एनसीईआरटीच्या जुन्या आवृत्तीप्रमाणे एक पर्याय बरोबर येत होता, नव्या आवृत्तीप्रमाणे दुसरा. एनटीएने दोन्ही उत्तरांना गुण दिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, न्यायालयाने आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांचं मत मागवलं आणि त्यांनी एकच उत्तर बरोबर ठरवलं, नव्या पुस्तकातलं. चार लाखांहून जास्त मुलांनी जुन्या पुस्तकाप्रमाणे लिहिलं होतं. त्यांचे मिळालेले चार गुण गेले, वर एक गुण कापला गेला. एकूण पाच. गुणांच्या गर्दीत पाच गुण म्हणजे क्रमवारीत हजारोंची घसरण. ७२० पैकी ७२० मिळवणारे आधी ६७ होते, सुधारित निकालात १७ उरले.

निकाल नियमाप्रमाणे झाला, कारण नवीन आवृत्ती वाचा अशी सूचना होती. तरी आम्हाला वाटतं, ज्याच्या हातात जुनं पुस्तक होतं त्याची चूक अभ्यासाची नव्हती.

बाकीचं थोडक्यात. ६७ पैकी काहींना वेळ वाया गेल्याबद्दल वाढीव गुण मिळाले होते. असे गुण मिळालेले १,५६३ जण होते. ते गुण रद्द झाले आणि २३ जूनच्या फेरपरीक्षेला ८१३ जण बसले. हजारीबाग व पाटण्यात पेपर फुटला हे न्यायालयाने मान्य केलं, पण फूट देशभर पसरल्याचा पुरावा नाही म्हणून २३ जुलैला सगळ्यांची फेरपरीक्षा नाकारली. लातूरमध्येही गुन्हा दाखल झाला. २१ जून २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात गैरप्रकाराला किमान तीन वर्षं कैद आहे, संघटित टोळीला पाच ते दहा वर्षं आणि किमान एक कोटी दंड.

आता भाषेचं. नीट उर्दूतही देता येते, आणि हे आपोआप मिळालेलं नाही. एका विद्यार्थी संघटनेच्या याचिकेनंतर २०१७ मध्ये न्यायालयाने आदेश दिला, आणि २०१८ पासून उर्दू पेपर सुरू झाला. मात्र भाषांतरात घोळ असेल तर इंग्रजी मजकूरच ग्राह्य धरतात. म्हणून उर्दू किंवा मराठी माध्यमाच्या मुलांनी प्रश्नाचा इंग्रजी मजकूरही पाहण्याची सवय करावी.

बुरखा किंवा हिजाब घालून जाणाऱ्या मुलींनी गेटवर लवकर पोहोचावं. २०२४ मध्ये धार्मिक पेहराव असलेल्यांना दुपारी साडेबारापर्यंत येण्याची सूचना होती, म्हणजे झडतीला वेळ मिळतो. जुलै २०२२ मध्ये वाशीमच्या केंद्रावर हिजाब काढायला लावल्याची तक्रार काही मुलींनी पोलिसांकडे केली होती. सूचनापत्राची प्रत जवळ ठेवा, वाद घालायची वेळ आली तर तेवढंच हातात असतं.

मोमीन-अन्सारी घरांतल्या मुलांना ओबीसी सवलत मिळू शकते. पण केंद्राच्या कोट्यासाठी वेगळ्या नमुन्यातला नॉन-क्रिमीलेयर दाखला लागतो, राज्याचा चालत नाही. निकालानंतर धावाधाव केली तर तो वेळेत हाती पडेलच असं नाही.

आणि हे अब्बा-अम्मींसाठी. तेवीस लाखांवर मुलं बसली होती, एमबीबीएसच्या जागा एक लाख आठ हजारांच्या आसपास. म्हणजे बहुतेकांना जागा मिळणारच नव्हती, त्यांनी कितीही जागून अभ्यास केला तरी. बीयूएमएसचा रस्ताही नीटमधूनच जातो आणि त्यासाठी मन्सुऱ्यातलं तिब्बिया कॉलेज आपल्याच गावात आहे. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा बसायचं की नाही हे मुलाला विचारून ठरवा, खालूला विचारून नाही. रात्री झोप उडालेली, जेवण सुटलेलं दिसलं तर १४४१६ या टेलिमानसच्या मोफत क्रमांकावर फोन करता येतो.

पुस्तकं फिरवत राहा. फक्त देताना पहिल्या पानावरचं छपाईचं वर्ष बघून घ्या.