अपुऱ्या जागेचा संसार

लहान घरात मोठा संसार कसा करावा, हे आपल्याकडील गृहिणीला शिकवावे लागत नाही. रोजची भांडी हाताशी आणि सणावाराची पातेली माळ्यावर; गरज पडली की वरचे खाली येते, खालचे वर जाते. संगणकाच्या स्मृतीची व्यवस्था पुष्कळशी अशीच आहे. मात्र ती यंत्राकडे सोपविण्यास माणसाला बरीच वर्षे लागली. त्या वर्षांची हकीकत आज आम्ही श्रोत्यांपुढे ठेवीत आहोत.

संगणक काम करतो तो जवळच्या स्मृतीतील मजकुरावर. ही स्मृती जलद, पण महाग. म्हणून ती नेहमीच अपुरी. दूरची साठवण स्वस्त आणि मोठी, पण मंद. 1951 साली मँचेस्टर विद्यापीठात आलेल्या फेरांटी मार्क-1 या संगणकात अशी दूरची साठवण फिरत्या चुंबकीय ड्रमवर होती. कोणता मजकूर केव्हा जवळ आणावयाचा आणि केव्हा परत पाठवावयाचा, हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यालाच ठरवावे लागे. गणित सोडवावयास बसलेल्या विद्वानाची बुद्धी अशी हमालीत खर्च होई.

ही हमाली यंत्रावर टाकली ती टॉम किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. मँचेस्टर विद्यापीठ आणि फेरांटी कंपनी यांनी मिळून उभारलेल्या 'ॲटलास' संगणकाचे उद्घाटन 7 डिसेंबर 1962 रोजी झाले. त्याची जवळची स्मृती 16,384 शब्दांची होती, तर ड्रमवर 98,304 शब्द मावत. सारा मजकूर 512 शब्दांच्या पानांत विभागला होता. जवळच्या स्मृतीत अशी 32 पाने राहत. लिहिणाऱ्याला मात्र साठवण एकसंध दिसे. हवे ते पान जवळ नसले की काम थांबे आणि 'सुपरवायझर', म्हणजे त्या यंत्राची ऑपरेटिंग सिस्टिम, ते ड्रमवरून आणवी. ड्रमवरील पान हाती येईपर्यंत सरासरी 6 मिलिसेकंद जात. तेवढ्यात जवळची स्मृती तीन हजार वेळा वाचून झाली असती.

मग नव्या पानासाठी जुने कोणते हलवावे? खरी अक्कल येथेच लागते. ॲटलास प्रत्येक पानाच्या वापराची नोंद ठेवी आणि जे बराच वेळ लागणार नाही असे वाटे, ते पाठवून देई. मागच्या सवयीवरून पुढच्या गरजेचा हा अंदाज होता. तो बहुधा साधे, कारण पोथी वाचणाऱ्याप्रमाणे प्रोग्रॅमही एका वेळी थोडीच पाने हाताळतो.

पण या यशातच एक धोका दडला होता. जागा भरपूर आहे असा भास झाला, की माणसे गर्दी करतात. एकाच यंत्रावर अनेकांची कामे एकदम चालू लागली, तेव्हा एकाचे पान आणावयाचे म्हणजे दुसऱ्याचे हलवावयाचे आणि पुढच्याच क्षणी ते परत मागवावयाचे, असा प्रकार सुरू झाला. यंत्र अखंड धावे. काम मात्र पुढे सरकेना. पीटर डेनिंग या अमेरिकन संशोधकाने 1968 साली या अनवस्थेची मीमांसा केली. प्रत्येक कामाला ठराविक अवधीत जेवढी पाने खरोखर लागतात, तेवढ्यांना जागा असेल तरच ते काम आत घ्यावे, हा त्याच्या उपायाचा गाभा होता. अधिक काम व्हावे म्हणून कमी कामे हाती घ्यावी लागतात, हे यंत्राच्या बाबतीतही खरे ठरले.

मँचेस्टरचा ॲटलास 1971 साली बंद झाला. त्याची रीत मात्र टिकली. आज आपल्या टेबलावरील संगणकात जागा अपुरी पडली, की न लागणारी पाने डिस्कवरील 'स्वॅप'च्या जागेत जातात. एकदम अनेक कामे उघडल्यावर यंत्र अडखळू लागते, तेव्हा अनेकदा तीच जुनी ओढाताण आत चाललेली असते.

नियोजनाने अपुरी जागा पुरवता येते, ही किलबर्न यांच्या ॲटलासची शिकवण. त्या पुरवण्यालाही सीमा असते, हे डेनिंग यांनी दाखविले. पहिली गोष्ट आपण आनंदाने स्वीकारतो, दुसरी विसरतो. माळा कितीही मोठा असला, तरी स्वयंपाक ओट्यावरच करावा लागतो.