गुरुजी, तुमी त राती मेले होते!

मंडळी, सत्तरी ओलांडलेला निवृत्त मास्तर कुस्तीवर लिहायला बसला की वाचणाऱ्याला वाटते, आता कोल्हापूरचे खासबाग मैदान येणार आणि लाल माती येणार. आज तसे नाही. आज लिहायचे आहे ते टीव्हीवरच्या कुस्तीबद्दल. होय, तीच, डब्ल्यूडब्ल्यूई! पूर्वी घरात कोणी नसताना बघत होतो, आता नातवाच्या शेजारी बसून उघड बघतो.

१३ डिसेंबर २०२५ ला वॉशिंग्टनमध्ये जॉन सीना आपली शेवटची कुस्ती खेळला. गुंथरने गळ्याला पकड घातली आणि सीनाने हार मानली. नातू रुसून बसला. म्हणाला, "आजोबा, त्याला जिंकवायला पाहिजे होतं." जिंकायला नाही, जिंकवायला! म्हणजे निकाल आधी ठरतो हे दहा वर्षांच्या पोराला पक्के ठाऊक, आणि तरी डोळ्यांत पाणी. (मला स्वतःला गुंथर आवडतो. बडबड कमी, पकड जास्त. बाकीच्यांचे अर्धा अर्धा तास माईक घेऊन भांडणे मला कंटाळवाणे वाटते.)

आमच्या लहानपणी हे असे नव्हते. तेव्हा हा खेळ 'फ्री स्टाईल' या नावाने ओळखला जाई. दारासिंग १९५४ मध्ये रुस्तम-ए-हिंद झालेले. किंग काँग नावाचा अवाढव्य मल्ल, मूळचा हंगेरीकडचा, त्यांचा ठरलेला प्रतिस्पर्धी. मुंबईचे आखाडे आम्ही कुठून बघणार! टुरिंग टॉकीजच्या तंबूत १९६२ चा 'किंग काँग' आणि १९६३ चा 'फौलाद' हे दारासिंगचे सिनेमे बघायचे आणि बाकीचे कल्पनेने. २९ मे १९६८ ला मुंबईत त्यांनी अमेरिकेच्या लू थेझला हरवले, तेव्हा चांद्याच्या पानठेल्यावर आम्ही पोरांनी आपणच जिंकल्यासारखा जल्लोष केला. खरे की ठरवलेले, असा प्रश्न कोणालाच पडला नाही.

गंमत पाहा. खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक मिळवले तेही फ्री स्टाईल कुस्तीतच. नाव एक, पण एकात घाम आणि दुसऱ्यात घाम अधिक गोष्ट. खाशाबांना परदेशी जायला पैसे गोळा करावे लागले, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यासाठी आपले घर गहाण ठेवले. १९८४ मध्ये खाशाबा अपघातात गेले आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो २००० साली, मरणोत्तर. आणि मराठी वर्तमानपत्रांनी 'फ्री स्टाईल' हा शब्द ठेवला कशासाठी, तर नगरपालिकेच्या सभेतल्या हाणामारीसाठी! असो.

अमेरिकेत हा खेळ जत्रांमधून, सर्कशीच्या तंबूंमधून वाढला. लढत खरीच आहे असे भासवणे हा धंद्याचा नियम. तो नियम १९८९ मध्ये मालकांनीच मोडला. खेळांवर देखरेख करणाऱ्या सरकारी मंडळाचे नियम आणि कर टाळायचे होते, म्हणून न्यू जर्सी राज्यात त्यांनी सांगून टाकले की ही स्पर्धा नसून करमणूक आहे. तेव्हा तिचे नाव डब्ल्यूडब्ल्यूएफ. आमच्या ताडोबाच्या मुलुखात ही अक्षरे म्हणजे पांडाचे चित्र आणि वाघाचे रक्षण. त्या निसर्गसंस्थेने विलायतेच्या कोर्टात दावा जिंकला आणि मे २००२ मध्ये मल्लांना 'एफ'चा 'ई' करावा लागला. 'ई' म्हणजे एंटरटेनमेंट. कबुली नावातच आली.

पण आमच्या गावात केबल आली तेव्हा हे मला कुठे माहीत! साल १९९८ असावे. मुलांकडे कुस्तीगिरांच्या ट्रंप कार्डांचा सुळसुळाट. उंची, वजन, छाती, दंड, लढती किती, जिंकल्या किती. ज्याला तेराचा पाढा येत नव्हता तो सातवीतला पोरगा अंडरटेकरची सगळी मापे घडाघडा म्हणायचा. मी त्याचा गठ्ठा जप्त केला आणि वर्गासमोर जाहीर केले, "हे सगळे खोटे आहे. कोणाला काही लागत नाही."

पुढे दिवाळीनंतर मंडई भरली. झाडीपट्टीत मंडई म्हणजे रात्रभर नाटक, हे इकडच्यांना सांगायला नको. (वडशाच्या कंपन्यांचा हंगाम होळीपर्यंत चालतो. याच रंगभूमीचे परशुराम खुणे यांना २०२३ ला पद्मश्री मिळाली.) गावच्या नाटकात मी खलनायक. तिसऱ्या अंकात तलवारीने मेलो, बाया पदराने डोळे पुसत होत्या. सकाळी शाळेत गेलो तर तो पोरगा दारात उभा.

"गुरुजी, तुमी त राती मेले होते!"

वर्ग हसला, मीही हसलो. मग तो हळूच म्हणाला, "मंग थे बी खोटाच होता का जी?"

मला उत्तर सुचले नाही. हजेरी घ्यायला लागलो.

त्याच महिन्यात एका मुलाने बाकावरून दुसऱ्याच्या अंगावर उडी मारली आणि मनगट मोडून घेतले. तेव्हा कळले, माझे वाक्य नुसते चुकीचे नव्हते, धोक्याचेही होते. काही लागतच नाही म्हटल्यावर पोरे उडी मारणारच! निकाल ठरलेला असतो, पण पडणे ठरवून कमी दुखत नाही. २३ मे १९९९ ला कॅन्सस सिटीत ओवेन हार्ट हा मल्ल छतावरून दोराने उतरताना कडी सुटून खाली आदळला आणि गेला. प्रेक्षकांतल्या कित्येकांना तोही खेळाचाच भाग वाटला. कार्यक्रम मात्र पुढे चालू राहिला. वर्तमानपत्रात ते वाचताना मला तो पोरगा आठवला.

त्याला सांगायला हवे होते, "बाबू, हे नाटक आहे. दंडारीसारखे, मंडईसारखे. नाटक खोटे नसते. पण त्यातली माणसे वर्षानुवर्षे पडायला शिकलेली असतात आणि तरी त्यांची हाडे मोडतात." एवढे त्याला सहज समजले असते. आमच्या भागातल्या पोराला नाटक काय ते शिकवावे लागत नाही.

सांगायचे राहून गेले. माघ संपता संपता तो घरच्यांबरोबर मिरची तोडायला आंध्रात गेला आणि परत शाळेत आला नाही. कार्डांचा गठ्ठा वर्षाअखेरीस देईन म्हणून कपाटात ठेवला होता. निवृत्त झालो तेव्हा कागदपत्रांबरोबर घरी आला.

परवा नातवाने तो शोधून काढला आणि विचारले, "आजोबा, ही कार्डं कोणाची?"

मी म्हटले, "माझ्याकडे ठेवायला दिली आहेत. खेळ, पण हरवू नकोस."