कड्याची वही : हॉटेलातील नोंदींपासून मोबाइलपर्यंत

साहित्याच्या अभ्यासकाला एक प्रश्न सहसा पडत नाही : मजकुरात चूक राहिली तर वाचकाच्या जिवाचे काय होईल? कादंबरीत पात्राचे नाव चुकले तर फार तर समीक्षक टोचून लिहितो. प्रस्तरारोहणाच्या मार्गदर्शिकेत मात्र 'उजवीकडची भेग' याऐवजी 'डावीकडची भेग' छापले गेले, तर वाचक जमिनीपासून शंभर-दीडशे फुटांवर अशा जागी जाऊन पोहोचतो, की जिथून पुढे जाता येत नाही आणि मागे फिरणे त्याहून कठीण. शब्दावर इतका भार टाकणारे लेखन आमच्या अभ्यासक्रमात कुठे नाही. त्यामुळे या उपेक्षित वाङ्मयप्रकाराकडे आमचे लक्ष गेले.

आज ही मार्गदर्शिका मोबाइलवर असते. कड्याचे छायाचित्र, त्यावर रंगीत रेघांनी दाखवलेले मार्ग, प्रत्येकाची काठिण्यश्रेणी, चांदण्या आणि खाली लोकांचे अभिप्राय. असे अ‍ॅप घडवणे हे संगणकतज्ज्ञाचे काम, असा सर्वसाधारण समज आहे. आमचे मत थोडे वेगळे आहे. त्यातले खरे अवघड निर्णय, म्हणजे काय सांगायचे, किती सांगायचे, कोणत्या शब्दांत सांगायचे आणि सांगितलेले कोणाच्या मालकीचे मानायचे, हे सारे प्रश्न इंग्लंडच्या उत्तरेकडच्या आणि वेल्समधल्या दोन-तीन हॉटेलांत सव्वाशे वर्षांपूर्वीच उभे राहिले होते.

त्यांतले एक हॉटेल सरोवर-प्रदेशातल्या वॉसडेल हेड या खेड्यातले. सभोवार स्कॉफेल, ग्रेट गेबल, पिलर हे डोंगर. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत नाताळच्या आणि ईस्टरच्या सुटीत वकील, शिक्षक, विद्यापीठांतले तरुण तिथे जमत, दिवसभर कडे चढत आणि रात्री हॉटेलच्या अभ्यागत-वहीत काय चढलो ते लिहीत. पुढे १८९०मध्ये केवळ आरोहणाच्या नोंदींसाठी निराळी वही ठेवण्यात आली. यातला एक विनोद सांगितल्यावाचून राहवत नाही. याच हॉटेलचा जुना मालक विल रिटसन हा थापा मारण्यासाठी पंचक्रोशीत प्रसिद्ध होता. जगातला सर्वांत मोठा थापाड्या ठरवण्याची स्पर्धा त्या भागात आजही त्याच्या स्मरणार्थ भरते. ज्या छपराखाली थापांची परंपरा जन्मली, त्याच छपराखाली एका शब्दाचीही अतिशयोक्ती न चालणारी वही सुरू व्हावी, हा योग मोठा गमतीचा आहे.

वेल्समधले पेन-ई-गुरिड हे दुसरे हॉटेल. १९५३च्या एव्हरेस्ट मोहिमेतील मंडळी सरावाच्या काळात इथेच उतरली होती, म्हणून त्याचे नाव काहींच्या कानावर असेल. तिथल्या वहीला चक्क कुलूप होते आणि 'कुलूपबंद वही' याच नावाने ती ओळखली जाते. सुरुवात १८८४ची. येणाऱ्या-जाणाऱ्या हौशी पर्यटकाने तीत काहीबाही खरडू नये, हा हेतू. म्हणजे एका हॉटेलात वही उघडी, दुसऱ्यात किल्लीच्या धन्याला विचारून उघडायची. अ‍ॅपमध्ये कोणालाही नोंद करू द्यावी की निवडक जाणकारांनाच, हा आज चर्चिला जाणारा मुद्दा त्या कुलपात पूर्णपणे सामावलेला आहे.

वह्यांतून छापील पुस्तक घडवण्याचे काम वॉल्टर पॅरी हॅस्केट स्मिथ यांनी केले. पेशाने बॅरिस्टर, आवडीने भाषाशास्त्रज्ञ. जून १८८६मध्ये त्यांनी ग्रेट गेबलच्या अंगावरचा नेप्स नीडल हा सुळका एकट्याने, दोराशिवाय सर केला आणि आल्याची खूण म्हणून माथ्यावर दगडाखाली आपला रुमाल ठेवला. (पन्नास वर्षांनी, १९३६मध्ये, वयाच्या शहात्तराव्या वर्षी ते पुन्हा त्या माथ्यावर गेले.) ब्रिटिश बेटांतील आरोहणावरचे त्यांचे पुस्तक दोन भागांत आले. इंग्लंडचा भाग १८९४ला, वेल्स आणि आयर्लंडचा १८९५ला. आकार खिशात मावणारा. आणि रचना? कोशासारखी, वर्णानुक्रमे! डोंगरांची, घळींची नावे आणि आरोहणाच्या संज्ञा एकाच ओळीत. भाषाशास्त्रज्ञाला जग शब्दांच्या क्रमाने दिसते, त्याचा हा पुरावा. पण कड्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला वर्णमाला काय कामाची? त्याला डावीकडून उजवीकडे, या भेगेच्या शेजारची ती भेग, असा क्रम हवा. पुढच्या मार्गदर्शिकांनी तो स्वीकारला. आजच्या अ‍ॅपमध्ये मात्र शोधाची चौकट आहे. नाव टाकले की मार्ग हजर. हॅस्केट स्मिथ यांचा कोश असा मागच्या दाराने परत आला आहे.

मराठीच्या वाचकाला या ठिकाणी महानुभावांची 'स्थानपोथी' आठवावी. चक्रधरस्वामी जिथे जिथे गेले, राहिले, बसले, त्या स्थळांची नोंद चौदाव्या शतकात या पोथीने केली, डॉ. वि. भि. कोलते यांच्या संपादनामुळे ती आपल्यापर्यंत आली. तिच्यात निसर्गवर्णन शोधणाऱ्याची निराशा होते. गाव, गावाची दिशा, देऊळ, त्याचे दार कोणीकडे, त्यापासून स्थान कोणीकडे, बस्स. मागून येणाऱ्याला नेमकी जागा सापडावी एवढाच तिचा ध्यास. आरोहणाच्या मार्गदर्शिकेचे गद्य याच जातीचे आहे. दोहोंत आणखी एक साम्य आम्हांला महत्त्वाचे वाटते. वाट ही निव्वळ भूगोल नसते, ती कोणीतरी चाललेली असते. म्हणूनच मार्गाच्या वर्णनाखाली आद्य आरोहकांची नावे आणि तारीख छापण्याचा प्रघात आजतागायत टिकून आहे. फरक श्रद्धेचा आहे, तो मोठा आहे. परंतु लेखनाची शिस्त एकच.

ओवेन ग्लिन जोन्स हा हॅस्केट स्मिथ यांच्या अगदी उलट स्वभावाचा. लंडनच्या एका शाळेत पदार्थविज्ञान शिकवणारा. त्याचे सरोवर-प्रदेशाच्या कड्यांवरील पुस्तक १८९७मध्ये निघाले आणि त्यात दोन नव्या गोष्टी होत्या. केझिकच्या अब्राहम बंधूंची छायाचित्रे ही पहिली. दुसरी अधिक दूरगामी : त्याने मार्गांची चार वर्गांत प्रतवारी लावली. सोपे, मध्यम, अवघड आणि अपवादात्मक खडतर. दोनच वर्षांनी, १८९९मध्ये, आल्प्समधल्या डाँ ब्लांश शिखरावर पडून तो गेला. वय अवघे एकतीस. प्रतवारी मात्र राहिली, आणि राहिली ती फुगत. खडतरच्या पुढे अतिखडतर, त्याच्या पुढे आत्यंतिक खडतर. अखेर विशेषणे संपली आणि १९७०च्या दशकात ब्रिटिशांनी शेवटच्या विशेषणालाच आकडे जोडले. परिणाम असा, की ब्रिटिश पद्धतीतला 'अत्यंत अवघड' हा मार्ग आज नवशिक्याला न्यायचा मार्ग समजला जातो! शब्दांच्या अर्थाची झीज कशी होते हे वर्गात शिकवताना आम्ही जुनीच उदाहरणे देतो. याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

आकड्यांनी तरी प्रश्न सुटावा, तर तेही नाही. अमेरिकेत दोर लावून चढण्याच्या पाचव्या वर्गाचे दशांशाने पोटभाग पाडण्याची रीत १९५०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या टाकीट्झ कड्यावर रुळली. ५.० ते ५.९. नऊच्या पुढे माणूस चढणार नाही असे गृहीत होते. माणूस चढला. तेव्हा ५.१० आले, मग ५.११, आणि दशांशचिन्ह असूनही ती पद्धत दशांश उरली नाही. वाचणारा 'पाच-दहा' असे वाचतो आणि त्याचे काही अडत नाही. पण संगणक प्रामाणिक असतो. त्याला क्रम लावायला सांगितले की तो ५.१०ला ५.९च्या आधी, म्हणजे सोप्यात बसवतो. त्याहून धोक्याची गोष्ट म्हणजे '६अ' ही खूण. ती फ्रेंच पद्धतीत आहे, ब्रिटिश तांत्रिक श्रेणीतही आहे, आणि ब्रिटिश ६अ ही फ्रेंच ६अपेक्षा बरीच कठीण. छापील पुस्तक एका प्रदेशाचे असल्याने त्याचा वाचक त्या बोलीत मुरलेला असे. अ‍ॅप एकाच पडद्यावर सगळे देश मांडते. तिथे ही खूण कोणत्या पद्धतीची हे न सांगणे म्हणजे वाचकाला चुकीच्या कड्याखाली उभे करणे होय.

फेल अँड रॉक क्लाइंबिंग क्लबच्या मार्गदर्शिका १९२२पासून निघू लागल्या. चित्रकार हीटन कूपर यांनी पुढे अनेक वर्षे त्यांसाठी कड्यांची रेखाचित्रे काढली. छायाचित्र सगळेच दाखवते. रेखाचित्रकार मात्र आरोहकाला लागणारी कपार ठळक करतो आणि नको ती सावली गाळतो. मोबाइलवरच्या छायाचित्रावर ओढलेली रेघ ही सुबक असते, पण तिच्यात हा विवेक नसतो. शिवाय ती दाखवते फक्त कोठून; 'येथे खडक ठिसूळ आहे, हाताने ठोकून पाहावा' हे वाक्य रेघेला बोलता येत नाही. आमच्या सह्याद्रीच्या बेसॉल्टला तर या वाक्याची गरज पावलोपावली. अ‍ॅप घडवणाऱ्यांनी चित्राच्या मोहात गद्य कापू नये, एवढे आमचे म्हणणे येथे नोंदवून ठेवतो. बाकी अडचणी व्यवहाराच्या आहेत. दरीत नेटवर्क नसते, म्हणून सगळे आधीच उतरवून घ्यावे लागते. उभ्या कातळाला आपटून उपग्रहाचे संकेत विचलित होतात आणि नकाशावरचा ठिपका भलतीकडे सरकतो. उन्हात पडदा दिसत नाही.

मालकीचा प्रश्न मात्र व्यवहारावर सोडून देता येणार नाही. मार्गांच्या नोंदी आरोहकांनी स्वतःच भरायच्या, या तत्त्वावर अमेरिकेत 'माउंटन प्रोजेक्ट' हे संकेतस्थळ २००५मध्ये सुरू झाले आणि पुढे त्याचे अ‍ॅपही आले. हजारोंनी मोबदल्याविना लिहिले. ते २०१५मध्ये आरईआय या क्रीडासाहित्य विकणाऱ्या सहकारी संस्थेकडे गेले आणि २०२०मध्ये ऑनएक्स या नकाशांच्या कंपनीकडे. लिहिणारे तेच, धनी तिसरा. याच नोंदींचा वापर इतरांना करता येईल की नाही यावरून वाद पेटला आणि आरोहणाची माहिती मुक्त परवान्याखाली असावी असे म्हणणारा 'ओपनबीटा' हा प्रकल्प उभा राहिला. ज्या भेगेवरून पहिल्यांदा कोणी चढले ती भेग कोणाच्याच मालकीची नाही. तिचे वर्णन मात्र विकले जाऊ शकते. वॉसडेलच्या वहीत लिहिणाऱ्याला हा पेच समजावून सांगणे अवघड गेले असते.

आणि न सांगण्याचे काय? २०२०मध्ये अमेरिकेत अनेक मार्गांच्या वंशद्वेषी आणि स्त्रीद्वेष्ट्या नावांवर आक्षेप आले, आणि माउंटन प्रोजेक्टवरील काही नावे झाकण्यात आली. आद्य आरोहकाला नाव ठेवण्याचा अधिकार असतो, या जुन्या संकेताला प्रथमच असा उघड धक्का बसला. वायोमिंगमधला डेव्हिल्स टॉवर हा कातळस्तंभ लाकोटा आणि इतर आदिवासी जमातींना पवित्र आहे. जून महिन्यात त्यांचे विधी होतात, म्हणून १९९५पासून त्या महिन्यात स्वेच्छेने आरोहण टाळावे असे आवाहन तिथले उद्यान-प्रशासन करते. सक्ती नाही. बहिरी ससाण्याच्या विणीच्या हंगामातही अनेक ठिकाणी कडे बंद ठेवतात. छापील पुस्तकात अशी सूचना प्रस्तावनेत कुठेतरी पडून राही आणि प्रस्तावना कोण वाचतो? अ‍ॅपला ती त्याच मार्गावर, त्याच सकाळी, रेघ उमटण्याआधी दाखवता येते. हे सामर्थ्य हॅस्केट स्मिथ यांच्या खिशातल्या पुस्तकाकडे नव्हते. त्याच अ‍ॅपमधल्या चांदण्या मात्र सगळ्यांना त्याच दहा मार्गांवर लोटतात, आणि चुनखडीच्या कड्यांवरच्या लोकप्रिय खाचा हातापायांनी घासून काचेसारख्या गुळगुळीत होतात. अशा मार्गाची जुनी श्रेणी मग खरी राहत नाही. पुढच्या आवृत्तीत, किंवा आता त्याच संध्याकाळी, कोणीतरी ती एका पायरीने वर चढवतो.